आयगनव्हॅल्यू न काढता ती कुठे आहे ते कसं सांगायचं

परवा रविवारी भाची आली होती कोथरूडला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, वहीत तीन बाय तीनची एक मॅट्रिक्स आणि त्याखाली तिच्या आयगनव्हॅल्यूज काढायचं क्युबिक, म्हणजे घातांक तीनचं समीकरण. (आयगनव्हॅल्यू म्हणजे असा आकडा, की एखाद्या व्हेक्टरला मॅट्रिक्सने गुणलं तर तो दिशा न बदलता नुसता तेवढ्या पटीत येतो; तो व्हेक्टर म्हणजे आयगनव्हेक्टर.) "मामा, ही सुटतच नाहीये, कॅल्क्युलेटरवर १ टाकला, २ टाकला, शून्य येतच नाही." बघितलं तर खरंच येत नव्हतं, कारण ती मॅट्रिक्स कुठल्या पेपरातली नव्हतीच, हिने मनाने आकडे टाकले होते. पेपर काढणारे सर आधी उत्तर ठरवतात, १, २, ५ असं काहीतरी, आणि मग त्यावरून मॅट्रिक्स बनवतात, म्हणून परीक्षेत क्युबिक नेहमी शहाण्यासारखी सुटते. खऱ्या आयुष्यातली मॅट्रिक्स तेवढी शहाणी नसते. आणि पाच बाय पाचपासून पुढे तर बेरीज-गुणाकार आणि मुळं वापरून सरसकट लागू पडेल असा फॉर्म्युलाच नाही, म्हणजे सापडला नाही असं नव्हे, असू शकत नाही हे सिद्ध झालंय.

मी तिला म्हटलं, तू काढूच नकोस. कुठे असेल तेवढं सांग.

मी चाकणला गाड्यांच्या पार्टच्या व्हायब्रेशनचं काम करतो, आणि आमच्याकडे दहातल्या सात वेळा प्रश्न "आयगनव्हॅल्यू किती" असा नसतोच. प्रश्न असतो, एखादी शून्याच्या खाली तर नाही ना? सगळ्यात मोठी अमुक आकड्याच्या आत आहे ना? म्हणजे सिम्युलेशनमध्ये टाइम स्टेप किती घ्यायची ते सगळ्यात मोठ्या नॅचरल फ्रिक्वेन्सीवर ठरतं (ही फ्रिक्वेन्सी म्हणजे आयगनव्हॅल्यूचं वर्गमूळ, रेडियन प्रति सेकंदात; सेंट्रल डिफरन्सवाली पद्धत असेल तर २ भागिले ती फ्रिक्वेन्सी, त्याहून मोठी स्टेप घेतली की उत्तर फुटतं), तर तिथे अचूक आकडा हवाच कशाला, वरची हद्द कळली की झालं. पाहुण्याला घर सांगताना आपण तरी आधी काय सांगतो, नदीच्या कुठल्या बाजूला, मग कुठली पेठ, मग गल्ली. एवढ्यात निम्म्याहून जास्त पुणं कटाप होतं आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच काम भागतं.

तर तिची मॅट्रिक्स ही अशी, हीच शेवटपर्यंत घेऊ:

९  १  ०
१  ४  २
०  २  २

सिमेट्रिक आहे, म्हणजे डायगोनलच्या (डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी ओळ, इथे ९, ४, २) दोन्हीकडे आरसा. हे आधी बघायचंच, कारण सिमेट्रिक असेल तर सगळ्या आयगनव्हॅल्यूज रिअल असतात, एका रेषेवर मांडता येतात, आणि खालच्या निम्म्या युक्त्या फक्त सिमेट्रिकलाच चालतात. नसेल तर काय करायचं ते पुढे येईलच.

पहिली पायरी, ट्रेस

डायगोनलची बेरीज, यालाच ट्रेस म्हणतात, ९ + ४ + २ = १५. ही तिन्ही आयगनव्हॅल्यूंची बेरीज, त्यात घासाघीस नाही. आता प्रत्येक आकड्याचा वर्ग करून सगळे मिळवा, ८१ + १६ + ४, आणि बाजूचे १ आणि २ दोनदा येतात म्हणून २ + ८, झाले १११. सिमेट्रिक असल्यामुळे ही आयगनव्हॅल्यूंच्या वर्गांची बेरीज.

बहुतेक लोक इथेच थांबतात, पण बेरीज आणि वर्गांची बेरीज हातात असली की अकरावी-बारावीतलं स्टॅटिस्टिक्स वापरता येतं. सरासरी १५ ÷ ३ = ५. वर्गांची सरासरी ३७. व्हेरियन्स ३७ - २५ = १२. तीन आकड्यांची सरासरी आणि व्हेरियन्स ठरलेला असेल तर एकटा आकडा किती लांब पळू शकेल? एक पळाला की बाकीच्या दोघांना उलट्या बाजूला सरकून सरासरी सांभाळावी लागते, त्यातही व्हेरियन्स खर्च होतो, म्हणून त्याला मर्यादा आहे: स्टँडर्ड डेव्हिएशन गुणिले √(आकार वजा एक). इथे √१२ × √२ = √२४ = ४.८९९. म्हणजे तिन्ही आयगनव्हॅल्यूज ०.१०१ ते ९.८९९ यांच्या आत.

थांबून बघा जरा. फक्त बेरजा केल्या, आणि कळलं की सगळ्या पॉझिटिव्ह आहेत. भाचीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. अर्थात दर वेळी नशीब एवढं साथ देत नाही, मॅट्रिक्स मोठी झाली की हा √(आकार वजा एक) वाढत जातो आणि बाउंड, म्हणजे ही हद्द, ढिला पडतो, पण फुकटात मिळतोय तर आधी घ्यावा.

दुसरी पायरी, गर्शगोरिन (ही एकच लक्षात राहिली तरी चालेल)

एक रो घ्या. डायगोनलवरचा आकडा म्हणजे केंद्र, त्या रोमधल्या बाकी आकड्यांची चिन्हं सोडून बेरीज म्हणजे त्रिज्या. प्रत्येक रोचं असं एक वर्तुळ. सगळ्या आयगनव्हॅल्यूज या वर्तुळांच्या आतच कुठेतरी असतात, बाहेर एकही नाही. रिअल रेषेवर वर्तुळाचा पट्टा होतो, तर आपल्याकडे:

पहिली रो, ९ ± १, म्हणजे ८ ते १०
दुसरी, ४ ± ३, म्हणजे १ ते ७
तिसरी, २ ± २, म्हणजे ० ते ४

हे खरं का, ते दोन ओळींत सांगता येतं आणि ते समजल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर नुसती रेसिपी होते. आयगनव्हेक्टर क्ष घ्या, त्यातला आकाराने सगळ्यात मोठा घटक कुठल्या नंबरवर आहे ते बघा आणि त्याच नंबरची रो लिहा. त्या रोमध्ये (आयगनव्हॅल्यू - डायगोनल) × मोठा घटक = बाकीच्यांची बेरीज. आता बाकीचे सगळे घटक त्या मोठ्यापेक्षा लहान किंवा फार तर बरोबरीचे, त्यामुळे मोठ्या घटकाने भागलं की उजवीकडे जास्तीत जास्त त्या रोमधल्या बाकी आकड्यांची बेरीजच उरते. झालं. हायस्कूलचं बीजगणित. (लॉ कॉलेज रोडजवळ दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, डॉ. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं. ते एवढे मोठे गणिती, पण हायस्कूलच्या बीजगणिताची बाजू जाहीरपणे लढवायचे. अशी सिद्धता बघितली की मला त्यांचं पटतं.)

सेम्योन गर्शगोरिन या गणितीचा हा पेपर १९३१ चा, आणि १९३३ मध्ये तो गेलासुद्धा, पस्तिशीही गाठली नाही. प्रमेय गाजलं ते नंतर, त्यात ओल्गा टॉस्की या गणिती बाईंचा मोठा हात. दुसऱ्या महायुद्धात त्या इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत विमानाच्या पंखांच्या फ्लटरवर काम करत होत्या, म्हणजे पंख हवेत फडफडायला लागून मोडणार का हा प्रश्न, आणि तोही आयगनव्हॅल्यू कुठल्या बाजूला आहे यावर ठरतो. तेव्हा गणितं हाताने फिरवायच्या मशीनवर चालायची, मग अशी वर्तुळं काढून काम वाचवणं म्हणजे काय सुख असेल विचार करा. १९४९ मध्ये त्यांनी याच विषयावर लेख लिहिला आणि मग लोकांना कळलं की हे प्रमेय पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या लोकांनी शोधलंय.

आता आपल्या पट्ट्यांत एक मजेची गोष्ट आहे. ८ ते १० वाला पट्टा बाकी दोघांपासून सुटा आहे. वर्तुळांचा एखादा गट सुटा असेल तर त्यात जितकी वर्तुळं तितक्याच आयगनव्हॅल्यूज असतात. म्हणजे एक नक्की ८ ते १० मध्ये, दोन ० ते ७ मध्ये.

इथे नव्या लोकांची एक ठरलेली चूक होते, मीही केलीये: प्रत्येक वर्तुळात एक आयगनव्हॅल्यू असते असं धरून चालणं. नाही! दोन बाय दोनची ही बघा, पहिली रो ०, ४ आणि दुसरी रो १, ०. आयगनव्हॅल्यूज +२ आणि -२. दोन्ही वर्तुळांचं केंद्र ०, एकाची त्रिज्या ४, दुसऱ्याची १. त्या छोट्या वर्तुळात कोणीच राहत नाही, रिकामा फ्लॅट. मोजणी फक्त सुट्या गटाची करायची.

तिसरी पायरी, वर्तुळं आवळा

तिसऱ्या रोचा पट्टा ० ला चिकटतोय ते खटकतं. युक्ती अशी की एखाद्या रोला एका आकड्याने भागा आणि त्याच नंबरच्या कॉलमला त्याच आकड्याने गुणा, आयगनव्हॅल्यूज बदलत नाहीत, डायगोनलही बदलत नाही (भागलं आणि गुणलं, हिशोब चुकता), पण त्रिज्या बदलतात. तिसरी रो १.२५ ने भागली, तिसरा कॉलम १.२५ ने गुणला. तिसऱ्या रोची त्रिज्या २ ची १.६ झाली, पट्टा ०.४ ते ३.६. दुसऱ्या रोची ३ ची ३.५ झाली, पट्टा ०.५ ते ७.५. पहिला जसाच्या तसा, आणि अजून सुटाच. म्हणजे सगळ्यात लहान आयगनव्हॅल्यू निदान ०.४.

उलट वरच्या टोकासाठी पहिली रो २ ने भागा, पहिला कॉलम २ ने गुणा. पहिला पट्टा ८.५ ते ९.५ झाला, दुसरा ० ते ८, अजून सुटे. म्हणजे मोठी ८.५ ते ९.५ मध्ये. लोभ करून ३ ने भागलंत तर पहिला आणखी बारीक होईल पण दुसरा ९ पर्यंत फुगून त्याच्यात घुसेल आणि मग कोण कुठलं ते सांगता येणार नाही. एकाला आवळलं की दुसरा सुटतो, पँट आणि शर्टच्या बटणासारखं. दोन वेगळ्या भागाकारांतून आलेली दोन्ही उत्तरं एकत्र वापरायला हरकत नाही, कारण दोन्ही खरी आहेत.

चौथी पायरी, अंदाजे व्हेक्टर टाकून बघा

गर्शगोरिन बाहेरून कुंपण घालतो, रेले कोशंट आतून ढकलतो. कुठलाही व्हेक्टर क्ष घ्या, मॅट्रिक्सने गुणा, परत क्षने डॉट प्रॉडक्ट घ्या, क्षच्या लांबीच्या वर्गाने भागा. सिमेट्रिक असेल तर येणारा आकडा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आयगनव्हॅल्यूच्या मधेच पडतो. म्हणून मोठी कमीत कमी एवढी, असं लगेच म्हणता येतं.

(५, १, ०) घेतला, का तर पहिली रो वजनदार दिसते. गुणाकार (४६, ९, २). डॉट २३९, भागिले २६, आले ९.१९. तर मोठी ९.१९ ते ९.५ मध्ये. लहानसाठी (०, १, -२) घ्या, गुणाकार (१, ०, -२), डॉट ४, भागिले ५, ०.८. लहान ०.४ ते ०.८ मध्ये. व्हेक्टर निवडायला काही शास्त्र लागत नाही हो, मोठीसाठी चिन्हं जुळवायची आणि लहानसाठी एकमेकांना मारणारी घ्यायची, दोन-तीन करून बघायचे, चुकीचा घेतला तरी बाउंड खोटा होत नाही, नुसता ढिला होतो.

पाचवी, रो-कॉलम खोडून

मधली राहिली. एक रो आणि त्याच नंबरचा कॉलम खोडला तर उरलेल्या छोट्या सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यूज मूळच्यांच्या मधे मधे बसतात, वेणीच्या पेडांसारख्या. हे कोशीचं, १८२९ सालचं. पहिली रो-कॉलम खोडा, उरतं ४, २, २, २, त्याची क्वाड्रॅटिक, ३ ± √५, म्हणजे ०.७६४ आणि ५.२३६. तर लहान ०.७६४ च्या खाली (रेलेपेक्षा बरं निघालं), आणि मधली ५.२३६ च्या खाली. शेवटची खोडा, उरतं ९, १, १, ४, त्याच्या ३.८०७ आणि ९.१९३. तर मधली ३.८०७ च्या वर. मधलीसाठी ३.८०७ ते ५.२३६ झालं.

आणि आता परत ट्रेस, हा मला सगळ्यात आवडतो कारण फुकट आहे. मधली = १५ - मोठी - लहान. मोठी फार तर ९.५, लहान फार तर ०.७६४, म्हणजे मधली निदान ४.७३६. एका बाउंडने दुसऱ्याला टेकू द्यायचा, असंच चालतं हे काम, एकच पद्धत धरून बसलात तर कंटाळाल.

जरा वरच्या दर्जाची एक युक्ती, घाई असेल तर सोडा. (५, १, ०) हा खरा आयगनव्हेक्टर नाही, तो किती चुकलाय ते मोजता येतं: गुणाकाराच्या लांबीचा वर्ग २२०१, भागिले २६, त्यातून रेलेच्या आकड्याचा वर्ग वजा, उरले ०.१५५. याचं वर्गमूळ ०.३९४, तर ९.१९ च्या आजूबाजूला ०.३९४ अंतरात एक आयगनव्हॅल्यू आहेच. पण आपल्याला हेही माहितीये की मधली ५.२३६ च्या वर नाही, म्हणजे शेजारी लांब आहे, दरी ९.१९२ - ५.२३६ = ३.९५६. मग ०.१५५ ला दरीने भागा, ०.०३९. मोठी ९.१९२ ते ९.२३२ मध्ये! टेम्पलचं इनइक्वॅलिटी म्हणतात याला. शेजारी लांब असला की आपला अंदाज एकदम धारदार होतो.

सहावी पायरी, मोजणी

आता एखाद्या आकड्याच्या खाली किती आयगनव्हॅल्यूज आहेत तेच थेट मोजायचं असेल तर? डायगोनलमधून तो आकडा वजा करा, नेहमीचं गाऊस एलिमिनेशन करा (रो अदलाबदल न करता), आणि पिव्हटची, म्हणजे एलिमिनेशननंतर डायगोनलवर उरलेल्या आकड्यांची, चिन्हं बघा. जितके निगेटिव्ह पिव्हट तितक्या व्हॅल्यूज त्या आकड्याच्या खाली. सिल्व्हेस्टरने १८५२ मध्ये दिलेल्या नियमावर हे उभं आहे, परत फक्त सिमेट्रिकसाठी. मधे शून्य पिव्हट आला तर आकडा किंचित हलवून परत करा.

५ वजा करा: डायगोनल ४, -१, -३. पिव्हट ४, मग -१ - १/४ = -१.२५, मग -३ + ४/१.२५ = ०.२. एकच निगेटिव्ह, म्हणजे ५ च्या खाली एकटी लहान, मधली ५ च्या वर. ०.७ वजा करून बघा, पिव्हट ८.३, ३.१८, ०.०४, सगळे पॉझिटिव्ह, तर लहान ०.७ च्या वर. असं अर्धं अर्धं करत गेलात तर हवी तेवढी अचूक व्हॅल्यू मिळते, पण आपल्याला कुठे हवीये. लहान ०.७ ते ०.७६४, मधली ५ ते ५.२३६, मोठी ९.१९२ ते ९.२३२. मग कॉम्प्युटरवर काढलं, ०.७३०, ५.०५६, ९.२१५. भाची म्हणाली, "मग कॉम्प्युटरच का नाही वापरला आधी?"

वापर की. पण तो चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतो. नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सिमेट्रिकसाठीचं जे फंक्शन आहे ते स्वतःहून फक्त खालचा त्रिकोण वाचतं, वरच्या अर्ध्यात तुम्ही काहीही टायपो करा, ते हूं की चूं करत नाही. माझं स्वतःचं सांगतो, नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ब्रॅकेटच्या मॉडेलमध्ये मी काही आकडे मिलिमीटरमध्ये आणि काही मीटरमध्ये भरले, दोन दिवस रिपोर्ट लिहीत बसलो, आणि सीनियरने कागदावर रोंच्या बेरजा करून विचारलं, "अरे, तुझी सगळ्यात मोठी व्हॅल्यू सगळ्याच वर्तुळांच्या बाहेर कशी?" कागदावरची मॅट्रिक्स वेगळी होती आणि मी भरून सोडवली ती वेगळीच. तेव्हापासून आधी बाउंड, मग रन.

मोजमापातून आलेले आकडे असतील तर आणखी एक. प्रत्येक आकड्यात ०.०५ इकडेतिकडे असेल, सिमेट्रिक असेल, तर चुकांच्या मॅट्रिक्सच्या रोची बेरीज जास्तीत जास्त ०.१५, आणि प्रत्येक आयगनव्हॅल्यू जास्तीत जास्त तेवढीच हलते (वाईलचं, १९१२). म्हणजे आपली लहान ०.७३ तरीही पॉझिटिव्हच राहणार.

सिमेट्रिक नसेल तर हा आराम विसरा. पहिली रो ०, १०००, दुसरी ०, ०. दोन्ही आयगनव्हॅल्यूज ०. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या शून्याच्या जागी ०.००१ ठेवा, त्या एकदम +१ आणि -१ होतात. अशा वेळी गर्शगोरिन चालतो, पण खरी वर्तुळं काढायची, कॉम्प्लेक्स प्लेनवर, रोची वेगळी आणि कॉलमची वेगळी, आणि दोन्हींत जे सामाईक असेल तेच ठेवायचं. शिवाय मॅट्रिक्स आणि तिचा ट्रान्स्पोज (रोचे कॉलम केले की होतो तो) यांची सरासरी घ्या, ती सिमेट्रिक होते, आणि मूळच्या आयगनव्हॅल्यूंचा रिअल भाग त्या सरासरीच्या लहान आणि मोठ्या व्हॅल्यूच्या मधे राहतो. हे बेंडिक्सनचं, १९०२ चं. सिस्टीम स्टेबल आहे का एवढंच विचारलं असेल तर बऱ्याचदा एवढ्यावर निभतं.

हातात पेन असेल तर एक करून बघा. भाचीच्या मॅट्रिक्समधला खालच्या कोपऱ्यातला २ खोडून १ करा, बाकी सगळं तेच. ट्रेस वापरलात तर खालची हद्द -०.६६७ येईल, गर्शगोरिन -१ म्हणेल, म्हणजे दोघंही "असेलही निगेटिव्ह, नसेलही" असंच पुटपुटणार. मग काहीही वजा न करता सरळ पिव्हट काढा: ९, मग ३५/९, आणि तिसरा १ - ३६/३५, म्हणजे उणे एक पस्तीसांश.